शब्दकोशात जोडा

‘भाऊहिस्सा’ आणि ‘भिवशी’ या दोन शब्दांच्या मधे तो निवांत बसला होता. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. भिम्या. गेल्या अकरा वर्षांत या लॅपटॉपला मी जे जे मराठी शब्द शिकवले त्यांची यादी समोर उघडी होती, एकाखाली एक, तीन हजार दोनशे सतरा शब्द, आणि त्यांत हा. जो शब्द या मशीनला कधीही शिकवायचा नाही असं मी ठरवलं होतं, ठरवून पाळलं होतं, आणि पाळल्याबद्दल अकरा वर्षं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, तोच. बाहेर बेळगावच्या खासबागेत शनिवारची दुपार चालली होती. मागल्या गल्लीतले यंत्रमाग खटखटत होते, शेजारच्या सौम्याच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, आणि मी हातातला ब्रश तसाच धरून बसले होते. त्या ब्रशने मी सकाळपासून कळांच्या फटींतली धूळ काढत होते.

चार वाजता विद्युल्लताबाई लॅपटॉप न्यायला येणार होत्या. कोर्टाची कागदपत्रं ऑनलाइन भरायची नवी पद्धत या म्हाताऱ्या मशीनला झेपेना म्हणून मी दुसरा घेतला, आणि हा विकायचं ठरवलं. मी शपथेवर भाषांतर करते. कन्नडचं मराठी, मराठीचं कन्नड. बेळगावच्या कोर्टात जुन्या मराठी कागदांची गाठोडी येतात, वाटण्या, खरेदीखतं, शाळेचे उतारे. त्यांचा मूळ मजकूर आधी जसा आहे तसा टाइप करायचा, मग त्याखाली कन्नड करायचं, शेवटी सही, शिक्का. माझा एक कागद आजवर परत आलेला नाही. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, आणि दोनदा सांगते. त्यामुळे लॅपटॉप विकायचा म्हणजे काय करायचं तेही मी नीट केलं होतं. लोकांची भांडणं, लोकांचे वारसे, लोकांच्या सुनांनी सासवांवर केलेले आरोप, सगळं नव्या मशीनवर घेतलं आणि इथून पुसायला काढून ठेवलं. नुसतं डिलीट म्हटलं की काही जात नाही, वरून पुन्हा पुन्हा रिकामं लिहावं लागतं, तेव्हा कुठे खालचं मरतं. माझी डिजिटल सही काढली. कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा परवाना सोडवला. कळांवरचे कन्नड अक्षरांचे स्टिकर नखाने एकेक खरवडले, आणि ज्या कळा झिजून कोऱ्या झाल्या होत्या त्यांच्यावर हात ठेवून जरा वेळ उगीच बसले.

एकच गोष्ट ठेवायची होती, आणि ती बाईंनीच मागितली होती. विद्युल्लताबाई कॅम्पातल्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या. टिळकवाडीत त्यांचं तीन पिढ्यांचं घर आहे, आणि आता त्यांना घराण्याचा कुळवृत्तांत लिहायचा आहे. मंगळवारी मशीन बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “तुझे शब्द तेवढे राहू देत हं, सुनयना. मुलाच्या कॉम्प्युटरवर लिहायला बसले तर आमच्या पणजोबांच्या नावाखाली लाल रेघ. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या. आता माझ्या वहीत कोणी मारलेल्या मला चालायच्या नाहीत.” मी हसले. बाई मला आवडतात, मराठी स्वच्छ बोलतात, चहा घेतल्यावर कप स्वतः मोरीत नेऊन ठेवतात. मग त्यांचा फोन वाजला. फोनवर बोलून त्या मला म्हणाल्या, “आमचा रवळ्या आलाय बागेला. साठीचा झाला, पण फाटक उघडं असलं तरी हाक मारल्याशिवाय आत यायचा नाही.” बोलणं प्रेमाचंच होतं. माझ्या डोक्यात मात्र त्या शब्दाखाली रेघ उमटून गेली, सवयीने. त्यांना ती दिसायचं कारण नव्हतं.

तर ही रेघ. ज्यांनी मराठी टाइप केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मशीनला ठाऊक नसलेला शब्द आला की ते खाली लाल नागमोडी रेघ मारतं. शब्दावर जाऊन उजवं बटण दाबलं की दोन पर्याय पुढे येतात, ‘दुर्लक्ष करा’ आणि ‘शब्दकोशात जोडा’. जोडलं की तो शब्द कायमचा शुद्ध. पहिल्या वर्षी तर माझं पान म्हणजे नापास पोराची उत्तरपत्रिका दिसायची. मशीनला निपाणी माहीत होती, पण तिच्या शेजारची भिवशी नाही, गळतगा नाही. वखार ठाऊक, पण तंबाखूच्या वखारीतली कामं आणि हत्यारं एकही ठाऊक नाही. माझ्या आजीचं नाव तानीबाई, तर विचारायचं, तुम्हाला ‘राणीबाई’ म्हणायचं आहे का? म्हणायचं होतं, पण ते वेगळं. मी चिडून, हट्टाने, एकेक शब्द जोडत गेले. ज्या मशीनने माझ्या गावच्या बोलीला चूक म्हटलं, त्याला मी ती घोटून घोटून शिकवली. अकरा वर्षांनी माझं पान स्वच्छ दिसायला लागलं. कोणी विद्यापीठात शब्दकोश केला असेल, मी घरात केला. पहाटेचा चहा घेता घेता.

आणि नावांची एक पंगत मात्र मी उठवूनच लावली होती. शाळेचे जुने उतारे पहिल्यांदा हातात आले त्या दिवसाची गोष्ट. एका मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरचं पान होतं, साठ सालच्या आसपासचं, वळणदार अक्षर, झरणीची निळी शाई. अनुक्रमांक चार, गुंडोपंत. अनुक्रमांक पाच, शामराव. अनुक्रमांक नऊ, गुंड्या. दहा, शाम्या. अकरा, रवळ्या. सगळी सहा वर्षांची पोरं. लिहिणाऱ्या मास्तरला जातीचा रकाना भरायची तशी गरजच नव्हती, नावातच भरून झाला होता. मी नववं नाव टाइप केलं आणि खाली लाल रेघ आली. मशीनला काय, ते ठाऊक नसलेल्या सगळ्याच शब्दांखाली मारतं. पण मला ती रेघ अगदी योग्य वाटली. शपथेवर भाषांतर करणाऱ्याला एक अक्षर बदलता येत नाही. गुंड्याचा गुंडू करता येत नाही, जसे आहे तसे. पण ही रेघ मला ठेवता येत होती. ती छापली जात नाही. वकिलाला, साहेबाला, कोणालाच दिसत नाही. मी ‘गुंडू’ जोडला, ‘गुंड्या’ सोडला. ‘रवळू’ जोडला, ‘रवळ्या’ सोडला. पुढे अशी शेकड्यांनी नावं आली, आणि एकालाही मी शब्दकोशाच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. कोर्टात ज्याची दाद लागत नाही त्याचा निकाल मी माझ्या पडद्यावर देत होते, रोज. कोणाला सांगितलं नाही. हसले असते. पण ताठ मानेने कोर्टाच्या पायऱ्या चढायला मला तेवढं पुरत होतं.

त्यांत भिम्या तर माझ्या बापाचं नाव. आप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर ते तसंच आहे. मी पाच वर्षांची झाले, माझं नाव शाळेत घालायचं झालं, तेव्हा आप्पा एक दिवसाची हजेरी बुडवून चिकोडीच्या कोर्टात गेले आणि प्रतिज्ञापत्र करून आले, यापुढे मला भीमाप्पा म्हणून ओळखावं. निपाणीत वखारीतला एक हमाल, चार बुकं शिकलेला, आणि मुलीच्या नावामागे आपलं नाव लागणार तर ते नीट लागू दे म्हणून एसटीने पंचवीस किलोमीटर जातो. लोक बापाची घरं सांगतात, जमिनी सांगतात. मी हे सांगते. तो कागद माझ्याकडे आहे आणि त्याची कन्नड प्रत मी स्वतः केली आहे.

पण नाव बदललं म्हणून तोंडं बदलत नाहीत. आठ वर्षांची असताना सुट्टीत मी आप्पांची भाकरी घेऊन वखारीत जायची. तंबाखूच्या वासाने आधी शिंका यायच्या, मग डोकं जड व्हायचं, मग तो वासच आवडायचा. एकदा मालकाचा कॉलेजात शिकणारा मुलगा आला होता, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नव्हतं. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, “ए भिम्या, ती कडेची पोती मोज.” आणि माझे आप्पा, गल्लीत ज्यांच्यासमोर मोठी माणसं विडी लपवायची ते माझे आप्पा, भाकरीचा हात धुऊन “आलो जी” म्हणून उठले. घरी येताना मी विचारलं, नाव बदललंय तर त्याला सांगत का नाही? आप्पा म्हणाले, “सांगितलंय. त्येच्या तोंडाला वळण न्हाय, त्येला आपण काय करणार.” आणि हसले. मला हसू आलं नाही. मी त्या रात्री जेवले नाही, आणि त्या शब्दाशी माझं जे वैर सुरू झालं ते आजपर्यंत आहे. पुढे जे जे केलं, पदवी, कायद्याच्या कन्नडची परीक्षा, ही शपथ, हा शिक्का, त्या सगळ्याच्या तळाशी तो खुर्चीतला पोरगा आहे. त्याला ते ठाऊक नाही. आता कुठेतरी म्हातारा होत असेल.

आणि तोच शब्द माझ्याच यादीत, माझ्याच हाताने शुद्ध झालेला. मी एक कोरं पान उघडून बघितलं. टाइप केलं, गुंड्या. रेघ आली. रवळ्या. रेघ आली. भिम्या. काही नाही. शब्द स्वच्छ उभा, शिष्टासारखा. माझ्याशिवाय हे करणार कोण? नवरा, दीपंकर, माझ्या मशीनला हात लावत नाही, त्याचं त्याचं मच्छे गावातल्या कारखान्यातलं वेगळं मशीन असतं. म्हणजे मीच. कधीतरी एखाद्या चारशे पानांच्या वाटणीच्या दाव्यात, डोळे जळत असताना, जोडा जोडा जोडा करत सुटलेल्या बोटाने या शब्दालाही जोडून टाकलं. ‘दुर्लक्ष करा’ आणि ‘शब्दकोशात जोडा’ यांत एका ओळीचं अंतर आहे. आणि याच्याहून वाईट पुढे होतं. त्यानंतर हा शब्द माझ्या हाताखालून कितीदा गेला असेल, रेघ न येता, आणि मला समजलंही नाही. मी निकाल देते म्हणत होते आणि न्यायाधीश झोपलेला होता. एवढा अभिमान कशाचा बाळगला मी? बापाचा शाळेतला दाखला लिहिणाऱ्या मास्तरने झरणीने केलं ते मी बटणाने केलं. त्याने निदान जाणूनबुजून केलं होतं.

मला गुन्हा कबूल करायचाच होता तर तारखेनिशी करायचा होता. अकरा वर्षांच्या धंद्याने तेवढी शिस्त लावली आहे. पुसायचं काम अजून सुरू केलं नव्हतं, म्हणून सगळ्या मशीनमध्ये तो शब्द शोधायला लावला. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती, आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या, पिवळ्या आणि जांभळ्या. परत आले तर शेहेचाळीस फायली सापडल्या होत्या. पंचेचाळीस माझ्या, कोर्टाच्या, नावं तारखांसह. शेहेचाळिसावी डाउनलोडच्या ढिगात होती. वीजबिलं, लग्नपत्रिका आणि मुदत संपलेल्या गॅरंट्यांचा तो ढीग मी सकाळीच कचऱ्यात जमा धरला होता. फाइलीचं नाव होतं फक्त ‘अ’. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांची. दोन चाळीसला मी कोर्टात असते. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत या घरात दुपारी एकच माणूस असायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून हिरवा चष्मा लावून दोन महिने माझ्याकडे राहिलेले आप्पा. वेळ जात नाही म्हणाले म्हणून मीच त्यांना एका बोटाने अक्षरं कशी काढायची ते दाखवलं होतं. काय लिहिता, असं एकदा विचारलं तेव्हा “कायबाय” म्हणाले होते. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

फाइल उघडली. पान लालेलाल होतं. आप्पांनी बोलतात तसं लिहिलं होतं, आणि मशीनने ओळीओळीत रेघा ओढल्या होत्या. त्या लाल गर्दीत पहिल्या ओळीतलं नाव मात्र कोरं होतं.

“माज नाव भिम्या. आईन ठेवल. आमच घर वखारीच्या मागं हुत. आई दिसभर बिड्या वळायची. सांज झाली की दारात यून हाक मारायची. गल्लीत सा भिम्या हुते पन मला कळायच की मलाच मारलिया. बाकिचे पाच जन खेळत ऱ्हायचे. मी यायचो.”

एवढंच. खाली पान रिकामं होतं. मी ते वाचलं, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगायचं तर सुटका वाटली. मी केलं नव्हतं. अकरा वर्षं माझे हात स्वच्छच राहिले होते. मग त्या सुटकेची लाज वाटली, आणि मग मी फोन लावला.

“आप्पा, जेवलासा?”

“झालं मगाशी. तुझी आई भांडी आपटाय लागलीया, ऐकू येतंय न्हवं? तुझं काय चाललंय?”

“लॅपटॉप द्यायचाय आज. साफ कराय लागलीया. तुम्ही त्याच्यावर कायतरी लिवलं हुतं व्हय?”

“लिवलं हुतं की. तू दावलं हुतंस तसं, एका बोटानं. पंधरा दिस लागलं तेवढ्याला.” थोडं थांबून म्हणाले, “गावलं व्हय तुला? मला वाटलं गेलं त्ये.”

“गावलं. समद्याखाली लाल रेघा हाईत. एकच शब्द तेवढा बरोबर धरलाय मशीननं.”

“त्यो मी घातला,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात तोरा होता. “रेघा आल्या तवा म्हटलं, असू दे. शाळा चार बुकांची, चुकलं असंल माझं. पण नावाखाली बी रेघ. नाव कसं चुकंल गं? तू बटण दाबून शब्द आत घालतीस त्ये मी मागनं बघितलं हुतं. दाबलं.”

“पण आप्पा, भिम्या? भीमाप्पा लिवायचं की. त्याच्यासाठी चिकोडीला गेलतासा न्हवं तुम्ही? त्या मास्तरनं लिवलेलं नाव, त्या वखारीतल्या पोरानं...”

“मग माझी आई मला भीमाप्पा म्हणायची व्हय?”

तानीबाईला मी पाहिलेलं नाही. मी जन्मायच्या तीन वर्षं आधी ती गेली. तिचा फोटो नाही, तिचा शब्द नाही, तिच्याविषयी मला ठाऊक असलेली एकूण माहिती चार ओळींत मावेल. भिम्या हा शब्द मी ऐकला तो खुर्चीतून आलेला. त्याआधी तो दारातून येत होता, संध्याकाळी, बिड्यांच्या सुपाशी दिवसभर बसून आखडलेल्या बाईच्या गळ्यातून, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. एवढी कागदपत्रं वाचली, एका शब्दाचे दोन धनी असू शकतात हे रोज कोर्टात बघते. माझ्याच घरातला दावा मला दिसला नाही.

“मास्तरनं लिवलं त्ये मास्तरचं,” आप्पा सांगत होते, शांतपणे, वखारीत पोत्यांचा हिशोब समजावून सांगायचे तसे. “त्ये मी चिकोडीला जाऊन पुसून आलो. आईची हाक मी पुसली न्हाय. ती माझी हाय. दोन्ही एकाच अक्षरांनी लिवत्यात, ह्यो काय माझा गुन्हा व्हय? त्यानं हिणवाय घेतली म्हणून मी माझ्या आईची हाक त्येला देऊन टाकू? लई झालं की मग.”

मी त्यांना रेघेचं सांगितलं. कोणालाच कधी न सांगितलेलं, सगळं, गुंड्या, रवळ्या, शाम्या, अकरा वर्षं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. मागे आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. मग म्हणाले, “कुणालाच दिसत न्हाय म्हणतीस ती रेघ?”

“न्हाय. मला तेवढी.”

“तुला दिसती न्हवं? मग बास झालं.” आणि हळूच, स्वतःशी बोलल्यासारखे, “शाबास.”

मला आप्पांनी कधी शाबास म्हटलेलं नाही. पदवीला नाही, शपथेला नाही. त्यांच्या मते चांगलं काम केल्यावर माणसाला दुसरं काम देतात. मी पदराने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलले, कारण आम्हा दोघांनाही तेच बरं पडतं. सांगितलं की लॅपटॉप एका मास्तरीण बाईंच्या घरी चाललाय, टिळकवाडीला, त्यांना घराण्याचा इतिहास लिहायचाय, आणि माझी सगळी शब्दांची यादी त्यांना हवी आहे.

“बाई कशा हाईत?”

“चांगल्या हाईत. पण बागेत काम करणाऱ्या साठीच्या माणसाला रवळ्या म्हणत्यात.”

“हं,” आप्पा म्हणाले. त्या ‘हं’मध्ये पन्नास वर्षं होती.

“मी काय करते, त्यांच्या मशीनमधनं तुमचा शब्द काढते. माझ्या नव्यात ठेवते.”

त्यांनी विचार केला. “म्हंजे बाईंच्या घरात त्यो शब्द चुकीचा आणि तुझ्या घरात बरोबर.”

“व्हय.”

“बरोबर हाय,” असा त्यांनी निकाल दिला.

फोन खांद्यावर धरून मी यादीत ‘भाऊहिस्सा’च्या खाली आले, शब्द निवडला, काढला. मशीनने विचारलं, नक्की काढायचा? होय. वरचा आणि खालचा शब्द एकमेकांना येऊन चिकटले. आता कुळवृत्तांत लिहिताना बाईंना कधी कुठल्या भिम्याची गरज पडली, घरगड्याची, कुळाची, तर त्या नावाखाली रेघ येईल, आणि चौतीस वर्षं लाल रेघा मारलेल्या त्या डोळ्यांना ती टोचेल. टोचली तर टोचू दे. कदाचित विचारही करतील, बाई हुशार आहेत. बाकीचे तीन हजार दोनशे सोळा शब्द मी त्यांना मनापासून दिले. भिवशी दिली, गळतगा दिला, तानीबाई दिली. त्यांच्या घरातल्या मशीनने यापुढे माझ्या आजीला राणीबाई म्हणायचं नाही. आणि नव्या मशीनवर एक नुकसान मी समजून उमजून घेत होते. तिथे आता हा शब्द कोर्टाच्या कागदात आला तरी रेघ येणार नाही. कोण म्हणतंय, खुर्चीतून की दारातून, ते दर वेळी मलाच बघावं लागणार. मशीनला शिकवून सोडून देता येईल असलं ते काम नव्हतंच. माझं वय बेचाळीस, आणि हे मला आज समजलं.

तीन वाजून गेले होते. आप्पा फोन ठेवायच्या बेतात होते, “ठेवू का मग” म्हणालेही. मला मात्र एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला मला लहान व्हावं लागणार होतं.

“आप्पा, आजी कशी हाक मारायची?”

“म्हंजे?”

“कशी मारायची? आवाज कसा हुता?”

“आता त्ये कसं सांगू फोनवर. पंचेचाळीस वर्सं झाली तिला जाऊन.”

“मारा की एकदा.”

“येडी का काय. दारात माणसं बसल्यात.”

“मारा की, आप्पा. मी ऐकलेली न्हाय.”

मग खाट करकरली, वहाणा सरकवल्याचा आवाज आला, फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज, खुंटीवर किंवा कोनाड्यात. पावलं लांब गेली. निपाणीतल्या त्या गल्लीचे आवाज ऐकू यायला लागले, एक मोटरसायकल, एक कुत्रं, कोणाचा तरी टीव्ही. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते, का ते ठाऊक नाही.

आणि हाक आली. बहात्तर वर्षांच्या माणसाचा आवाजच नव्हता तो. बारीक, उंच, बाईचा. पहिलं अक्षर जवळून निघालेलं, आणि ‘म्या’ लांबत लांबत गल्लीच्या टोकापर्यंत गेलेलं, तिथे कोपऱ्यावर वळून आणखी थोडं वर चढलेलं. त्यात राग होता, भाकरी झाल्याचं सांगणं होतं, अंधार पडतोय ही काळजी होती, आणि अख्ख्या गल्लीसमोर दाखवलेला हक्क होता. मोटरसायकल निघून गेली. टीव्ही कोणीतरी लहान केला.

आतून माझी आई, जयाबाई, हात पुसत दाराशी आली असावी. तिचा आवाज आला, “अवो, कुणाला हाक मारताय?”

“मला,” आप्पा म्हणाले.